डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट निवडण्याची सोय उघडपणे असावी का?

दिगंत
नमस्कार. शाळांच्या प्रयोगशाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांतील जुन्या संगणकांवर चालावा असा एक हलका लिनक्स डेस्कटॉप आम्ही काही मित्र तयार करीत आहोत, आणि सध्या त्याच्या डिस्प्ले सेटिंग्जची रचना ठरवण्याचे काम चालू आहे. रिझोल्यूशन, पडद्याची दिशा, अक्षरांचा आकार यांबद्दल लवकर एकमत झाले. रिफ्रेश रेटवर, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने आखतो त्या हर्ट्झमधल्या वेगावर, मात्र आम्ही अडलो आहोत.

गटातील एका मताप्रमाणे रिफ्रेश रेट ही वापरणाऱ्याने निवडायची गोष्टच नव्हे. मॉनिटर ईडीआयडीच्या रूपाने स्वतःची माहिती संगणकाला कळवतो, त्यात त्याला सर्वांत योग्य असलेले रिझोल्यूशन आणि वेग दोन्ही दिलेले असतात, तेव्हा संगणकाने ते निमूटपणे लावावेत आणि माणसाला हर्ट्झच्या आकड्यांत गुंतवू नये. या मताला आधारही आहे. ग्नोम या प्रचलित लिनक्स डेस्कटॉपच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेटची यादी होती; २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा ती काढून टाकलेली होती. पुढे ती परत आली, पण मधल्या काळात ज्यांना वेग बदलायचा होता त्यांना टर्मिनल उघडून एक्सरँडर ही आज्ञा द्यावी लागत असे.

माझे मत असे आहे की ही निवड रिझोल्यूशनच्या लगेच खाली, कोणत्याही 'प्रगत' बटणामागे न लपवता असावी. ईडीआयडी मॉनिटरबद्दल सांगतो. मधल्या केबलबद्दल, कन्व्हर्टरबद्दल आणि समोर बसलेल्या माणसाच्या कामाबद्दल त्याला काहीच ठाऊक नसते. ग्रंथपालाला टर्मिनल उघडायला सांगणे मला पटत नाही. आपले अनुभव आणि विरोधी मते दोन्ही हवी आहेत.

केतकी ना.
मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवते आणि प्रयोगशाळेची जबाबदारीही माझ्याकडे आहे. मुलांना जे दिसते ते मुले उघडतात आणि जे उघडते ते बदलून पाहतात. त्यात गैर काही नाही, शिकण्याची तीच रीत आहे. पण तासाच्या मधोमध एखाद्या पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' असा संदेश आला की उरलेल्या वर्गाला थांबवून मला त्या संगणकामागे जावे लागते. लेखन, कोष्टके, प्रोग्रॅमिंग यांपैकी कशातही रिफ्रेश रेट बदलून माझ्या विद्यार्थ्यांचा लाभ होणार नाही. आमचे सगळे मॉनिटर ६० हर्ट्झचे आहेत. ज्या यादीत एकच पर्याय आहे ती यादी दाखवायची तरी कशासाठी? माझे मत 'नसावी' या बाजूने नोंदवा.

जुना मॉनिटर
केतकीताईंची अडचण खरी आहे, पण ही सोय मुळात सेटिंग्जमध्ये का आली हे या निमित्ताने सांगावेसे वाटते, कारण तिच्यामागे डोळ्यांचा प्रश्न होता.

काचेच्या नळीच्या मॉनिटरवर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळतो आणि पुढची फेरी येईपर्यंत मंदावतो. ६० हर्ट्झला ही लुकलुक पुष्कळांना जाणवत असे, विशेषतः पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि नजरेच्या कडेने पाहताना, कारण नजरेचा कडेचा भाग अशा लुकलुकीला अधिक संवेदनशील असतो. त्या काळी सायबर कॅफेत आणि टायपिंगच्या कामाला दिवसभर बसणाऱ्यांची डोकी दुखत, आणि कित्येकदा उपाय एवढाच असे की डिस्प्लेच्या गुणधर्मांत जाऊन ६० चे ८५ करायचे. चित्र एकदम स्थिर होत असे. ज्यांना ही जागा ठाऊक होती त्यांनी ती शेजाऱ्याला दाखवली आणि ज्यांना नव्हती ते वर्षानुवर्षे लुकलुकत्या पडद्यापुढे बसले.

आता यातली खोच पाहा. पंधरा इंची मॉनिटरची आडवी वारंवारता, म्हणजे सेकंदाला आखता येणाऱ्या ओळींची संख्या, बहुधा ५४ किलोहर्ट्झच्या आसपास संपत असे. ८०० बाय ६०० ला ८५ हर्ट्झ हवे असेल तर सुमारे ५३.७ किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे जेमतेम जमते. १०२४ बाय ७६८ ला ६० हर्ट्झसाठी ४८.४ पुरतात, पण ७५ हर्ट्झसाठी ६० लागतात आणि तिथे मॉनिटर हात टेकतो. म्हणून मोठे रिझोल्यूशन घ्यायचे की स्थिर चित्र, हा निर्णय माणसालाच करावा लागे, आणि दोन्ही निवडी शेजारीशेजारी असल्याशिवाय तो करता येत नसे. सुरुवातीच्या लिनक्समध्ये तर हे आकडे फाइलमध्ये हाताने लिहावे लागत, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटरला इजा होऊ शकते अशी सूचना एक्सफ्रीएटीसिक्स या तेव्हा पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रणालीच्या कागदपत्रांत दिलेली असे.

मृण्मयी द.
माहितीबद्दल आभार. पण आता सपाट पडद्यांवर ही लुकलुक नसते ना? मग ही निवड फक्त खेळ खेळणाऱ्यांसाठी उरली आहे, असे म्हणता येईल का?

विद्युल्लता
मृण्मयी, तुमचा पहिला अर्धा मुद्दा बरोबर आहे. एलसीडीचा ठिपका दोन फेऱ्यांच्या मधे विझत नाही, त्यामुळे ६० हर्ट्झला काचेच्या नळीसारखी लुकलुक होत नाही. काही पडद्यांवर जी लुकलुक जाणवते ती बहुतेक वेळा मागच्या दिव्याची असते, कारण उजेड कमी करण्यासाठी तो दिवा अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. ती रिफ्रेश रेट बदलून जात नाही, हे सेटिंग्ज लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. 'डोळ्यांना आराम' असे काही त्या यादीशेजारी लिहू नये.

दुसऱ्या अर्ध्याशी मात्र मी सहमत नाही. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० ला ८.३. लांबलचक मजकूर खाली सरकवताना आणि माऊसचा बाण हलवताना हा फरक खेळ न खेळणाऱ्यालाही दिसतो. उलट दिशेने पाहिले तर ३० हर्ट्झला एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकते, आणि तो जडपणा कोणालाही जाणवतो.

मांडवीकाठ
मी पणजीत व्हिडिओ संकलनाचे काम करतो आणि मला ही निवड जवळजवळ रोज लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची परंपरा पालची, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे आणि ५० हर्ट्झची. लग्नाचे चित्रीकरण, मुलाखती, वाहिन्यांसाठीचे माहितीपट यांतले पुष्कळसे काम अजूनही २५ चित्रांवर होते. हे काम ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर पाहिले तर ६० ला २५ ने नि:शेष भाग जात नाही. म्हणून पहिले चित्र दोन फेऱ्या, दुसरे दोन, तिसरे तीन, चौथे दोन, पाचवे तीन अशा विषम काळासाठी पडद्यावर राहते. कॅमेरा समुद्रावरून सावकाश फिरवलेला असेल तर क्षितिज अडखळत जाते. संकलकाला कळत नाही की दोष चित्रीकरणात आहे, निर्यातीत आहे की पडद्यात. तोच मॉनिटर ५० हर्ट्झवर नेला की प्रत्येक चित्र बरोबर दोन फेऱ्या राहते आणि हालचाल सरळ दिसते.

चित्रपटाची गोष्ट वेगळी. २४ चित्रे ६० हर्ट्झवर तीन-दोन, तीन-दोन अशी बसवावी लागतात, तर ४८, १२० किंवा १४४ वर ती समान वाटली जातात. मॅकच्या सेटिंग्जमध्ये १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोवर २०२१ पासून प्रोमोशन या आपोआप बदलणाऱ्या वेगाखेरीज ६०, ५९.९४, ५०, ४८ आणि ४७.९५ असे ठरावीक वेगही निवडता येतात. या यादीत एकही आकडा अनावश्यक नाही. प्रत्येकामागे कोणत्या ना कोणत्या देशातील चित्रीकरणाची पद्धत उभी आहे. ईडीआयडी माझ्या मॉनिटरला ६० आवडतात हे सांगेल, पण आज माझ्यापुढे २५ चित्रांचे काम आहे हे तो कुठून सांगणार?

हिमशेखर
मांडवीकाठ यांच्या प्रतिसादाला टोरांटोहून दुजोरा. घरच्या लग्नाचे व्हिडिओ साताऱ्याहून २५ चित्रांच्या पद्धतीने येतात आणि इथे संगणकाला जोडलेला टीव्ही ६० वर चालतो. वरातीच्या दृश्यात घोड्याची चाल अडखळताना दिसे आणि नातेवाईक कॅमेरा हाताळणाऱ्याला नावे ठेवत. टीव्ही ५० हर्ट्झही स्वीकारतो हे सेटिंग्जमधल्या यादीत दिसल्यावर दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता हे सगळ्यांना कळले.

केतकी ना.
संकलकांना ही सोय हवी, हे मान्य आहे. पण दिगंत यांचा डेस्कटॉप शाळा आणि ग्रंथालये यांसाठी आहे, संकलकांसाठी नाही. ज्याचे पोट त्या आकड्यावर अवलंबून आहे तो माणूस टर्मिनल शिकेल. मला अजून एकही असे उदाहरण दिसलेले नाही, जिथे शाळेत किंवा ग्रंथालयात ही यादी नसल्यामुळे कोणाचे काम अडले.

शब्दवेल
केतकीताई, ग्रंथालयाचे उदाहरण मी देते. मी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात काम करते. एका देणगीदाराने आम्हाला मोठा फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा, टीव्ही दिला, जेणेकरून दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठ वाचकांना वर्तमानपत्रांची ई-आवृत्ती मोठ्या अक्षरांत वाचता यावी. टीव्ही जोडला, अक्षरे सुंदर दिसली, आणि पहिल्याच दिवसापासून वाचक म्हणू लागले की माऊस चालत नाही. बाण हाताच्या मागून येत असे आणि पान सरकवताना मजकूर तुटक दिसे. आम्ही माऊस बदलला. मग संगणक जुना झाला असे ठरवून समितीपुढे नव्या संगणकाचा प्रस्तावही गेला.

पुढे पुण्याहून सुटीला आलेल्या एका वाचकाने पाहिले तेव्हा कळले की टीव्ही ३० हर्ट्झवर चालत होता. आमच्या सेटिंग्जमध्ये हा आकडा कुठेही दिसत नव्हता. त्याने रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केले, त्याबरोबर वेग ६० झाला आणि माऊस सुरळीत चालू लागला. ज्येष्ठ वाचकांना अक्षरे मोठीच हवी असल्यामुळे कमी रिझोल्यूशनने काही बिघडले नाही. इतके दिवस लोक माऊस हातात धरून स्वतःलाच दोष देत होते, याचे मला फार वाईट वाटते. निवडण्याची सोय नंतर पाहा, पण निदान सध्या किती वेग चालू आहे हे तरी त्या पानावर लिहा.

सांकव
शब्दवेल यांचा अनुभव या संपूर्ण चर्चेचा गाभा आहे. त्यामागचे गणित सांगतो, म्हणजे सेटिंग्ज लिहिताना काय दाखवायचे हे ठरवता येईल.

पडद्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांभोवती न दिसणारी रिकामी जागाही केबलमधून पाठवावी लागते. १९२० बाय १०८० साठी ती धरून २२०० बाय ११२५ ठिपके होतात, आणि ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या ठिपक्यांचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ होतो. फोर-केसाठी हेच ४४०० बाय २२५० होतात. ३० हर्ट्झला २९७ आणि ६० ला ५९४ मेगाहर्ट्झ लागतात. एचडीएमआय १.४ ची कमाल मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून त्या जोडणीवर फोर-के ३० हर्ट्झलाच अडते. ६० साठी २०१३ मध्ये आलेले एचडीएमआय २.० दोन्ही बाजूंना असावे लागते. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणाऱ्या साध्या कन्व्हर्टरची मर्यादा तर याहून कमी, प्रकाराप्रमाणे १६५ किंवा ३०० मेगाहर्ट्झ असते. शिवाय पुष्कळ फोर-के टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय जागेसाठी पूर्ण क्षमता चालू करण्याची वेगळी सेटिंग असते आणि ती बंद असेल तर टीव्ही संगणकाला मोठ्या वेगाबद्दल सांगतच नाही. शब्दवेल, तुमच्या टीव्हीच्या मेन्यूत हे एकदा पाहून घ्या.

लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, जे वेग जोडणीवरून जाऊ शकत नाहीत ते यादीतून आधीच गाळतो. तांत्रिकदृष्ट्या ते योग्य आहे, पण वापरणाऱ्याला ६० का नाही याचा पत्ता लागत नाही. दिगंत, तुम्हाला मूळ ईडीआयडी आणि ड्रायव्हरने मान्य केलेली यादी या दोन्ही गोष्टी लिनक्सच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नलकडून, वाचता येतात. त्यांची तुलना करून एवढे एक वाक्य दाखवा: 'हा पडदा ६० हर्ट्झ दाखवू शकतो, परंतु सध्याच्या जोडणीवरून तो वेग जात नाही.' माझ्या माहितीतल्या प्रचलित डेस्कटॉपमध्ये असे वाक्य मी पाहिलेले नाही आणि त्याची गरज मात्र पदोपदी दिसते.

रातराणी
लॅपटॉपवाल्यांची बाजूही यात यावी. माझ्या लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा आहे. प्रवासात मी तो ६० वर ठेवते, कारण अधिक वेगाला अधिक वीज लागते, आणि वाचन-लेखनासाठी मला ६० पुरतात. विंडोज ११ मध्ये डायनॅमिक रिफ्रेश रेट आहे, जो कामाप्रमाणे वेग आपोआप वरखाली करतो. पण त्यासाठी पडदा किमान १२० हर्ट्झचा आणि बदलत्या वेगाला साथ देणारा असावा लागतो. ज्यांचा तसा नाही त्यांना हाताने बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक. टेबलावरच्या संगणकाला दोन मॉनिटर जोडले की काहीही न करता ग्राफिक्स कार्ड तापत असे. एकाचा वेग १४४ वरून १२० केला आणि पंख्याचा आवाज थांबला. असे का व्हावे, हे कोणी सांगू शकेल का?

सांकव
रातराणी, ग्राफिक्स कार्डाला आपल्या मेमरीचा वेग बदलण्यासाठी दोन चित्रांच्या मधला रिकामा काळ लागतो. वेग फार मोठा असेल तर तो काळ अपुरा पडतो, आणि दोन मॉनिटर असतील तर दोघांचे रिकामे काळ एकाच वेळी येत नाहीत. अशा वेळी पुष्कळ कार्डे मेमरी कायम मोठ्या वेगावर ठेवतात, म्हणून ती स्वस्थ असतानाही वीज घेतात. १२० वर तो काळ पुरेसा मिळाला असणार.

मृण्मयी द.
बदलत्या वेगाचा उल्लेख आलाच आहे म्हणून विचारते. केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ॲडॅप्टिव्ह सिंक म्हणून एक वेगळी ओळ दिसते. ती रिफ्रेश रेटच्याच यादीत नको का?

विद्युल्लता
ती वेगळीच असावी. केडीई प्लाझ्मामध्ये २०२१ च्या ५.२२ आवृत्तीपासून वेलँड या लिनक्सच्या नव्या चित्रप्रणालीवर 'कधीच नाही', 'आपोआप' आणि 'नेहमी' असे तीन पर्याय आहेत. यादीतला आकडा हा कमाल वेग असतो आणि ॲडॅप्टिव्ह सिंक त्याच्या खाली किती उतरायचे ते सांभाळते. दोन्ही एका यादीत कोंबले तर वाचणाऱ्याला वाटेल की एक निवडले की दुसरे सुटले. 'नेहमी' निवडल्यावर काही पडद्यांवर गडद दृश्यांत उजेड कमी-जास्त होताना दिसतो, म्हणून ग्नोमनेही ४६ व्या आवृत्तीत ही सोय आधी प्रायोगिक म्हणूनच दिली, हे मला शहाणपणाचे वाटते. शाळेच्या संगणकांना याची गरज नाही. दिगंत यांनी या फांदीवर वेळ घालवू नये.

केतकी ना.
शब्दवेल यांचा अनुभव वाचून मी विचार केला. सध्याचा वेग दिसावा आणि तो कमी असेल तर कारणही दिसावे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप बदलण्याच्या सोयीला आहे, आणि तो सांकव यांच्या प्रतिसादाने अधिक पक्का झाला आहे. ड्रायव्हर जर अशक्य वेग आधीच गाळत असेल, तर उरलेल्यांतला सर्वांत मोठा वेग त्यानेच लावावा. मग माणसाने निवडायचे काय उरते? पंचवीस चित्रांचे काम माझ्या शाळेत होत नाही.

जुना मॉनिटर
उरते, आणि ते तुमच्याच शाळेत उरते. सभागृहाच्या प्रोजेक्टरचा विचार करा.

छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत लांब केबल जाते. साध्या एचडीएमआय केबलमध्ये ती केबल किती क्षमतेची आहे हे संगणकाला सांगणारी कोणतीही व्यवस्था नसते. संगणक ६० म्हणतो, प्रोजेक्टर ६० म्हणतो, ड्रायव्हरला दोन्ही टोके समर्थ दिसतात, म्हणून यादीतही ६० असतात. आणि प्रत्यक्षात पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा कार्यक्रम चालू असताना चित्र जाऊन येते. हे कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही, ते फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. त्याने फोर-केचा वेग ३० केला तर केबलवरचा भार निम्मा होतो, आणि भाषणाच्या स्लाइड्सना ३० हर्ट्झ भरपूर झाले. आपोआप निवडणारी यंत्रणा इथे प्रत्येक वेळी ६० च लावील, कारण तिच्या दृष्टीने सगळे ठीक आहे.

जुन्या व्हीजीएच्या केबलींची कथा याच जातीची आहे. मॉनिटरची माहिती त्यात १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते, आणि स्वस्त केबलींमध्ये किंवा एका संगणकाचे चित्र दोन पडद्यांना देणाऱ्या स्प्लिटरमध्ये या पिना जोडलेल्याच नसतात. मग संगणकाला समोर काय आहे याचा थांग लागत नाही आणि तो बहुधा १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ असा सावध पवित्रा घेतो. शाळांतून अशी यंत्रे अजून भरपूर आहेत.

शब्दवेल
अनुमोदन. आमच्या सभागृहातही चित्र जाऊन येते आणि सगळे जण प्रोजेक्टरच्या दिव्याला दोष देतात. या वेळी केबलच्या बाजूने शोध घेईन.

केतकी ना.
जुना मॉनिटर, हा मुद्दा मला मान्य करावा लागेल, कारण आमच्या सभागृहात मी हेच पाहिले आहे. समोर बसलेल्याला दिसणारा दोष यंत्राला दिसत नसेल, तर निर्णय त्याच्या हातात हवा. मग माझ्या दोन अटी आहेत. चुकीची निवड केल्यावर मुलाला काहीही न करता मूळ चित्र परत मिळाले पाहिजे. आणि प्रयोगशाळेतील संगणकांवर ही यादी मला कुलूपबंद करता आली पाहिजे, सभागृहातल्या संगणकावर ती उघडी ठेवून.

रातराणी
पहिल्या अटीबद्दल: विंडोजमध्ये बदलानंतर १५ सेकंद वाट पाहून, कोणी 'ठेवा' म्हटले नाही तर जुनी सेटिंग परत येते. आपल्याकडे हा काळ त्याहून कमी ठेवू नये. काही टीव्ही आणि प्रोजेक्टर नवा वेग ओळखून चित्र दाखवायलाच कित्येक सेकंद घेतात. तेवढ्यात मुदत संपली तर चांगली निवडही नाकारली जाते आणि माणूस समजतो की आपल्या पडद्याला ती चालत नाही.

विद्युल्लता
शिवाय त्या चौकटीत कीबोर्डचा भर आपसूक 'परत जा' वर असावा. काळ्या पडद्यापुढे घाबरून माणूस आधी एंटर दाबतो.

दिगंत
सर्वांचे मनापासून आभार. गटात रात्री पुन्हा चर्चा झाली आणि रचना बरीचशी ठरली आहे.

रिफ्रेश रेटची ओळ रिझोल्यूशनच्या लगेच खाली, उघडपणे राहील. पडद्याला एकच वेग शक्य असेल तर तिथे यादी उघडणार नाही, फक्त 'सध्याचा वेग : ६० हर्ट्झ' असा मजकूर दिसेल, केतकीताईंच्या प्रयोगशाळेतील मॉनिटरांपुढे बहुधा हेच दिसेल आणि मुलांना बदलण्यासारखे काही सापडणार नाही. एकाहून अधिक वेग असतील तर यादी, आणि पडद्याने स्वतः सुचवलेल्या वेगापुढे तसे लिहिलेले असेल. एक्सरँडर हे काम अधिकच्या खुणेने करतो, पण ती खूण सामान्य माणसाला वाचता येत नाही. पूर्ण सेटिंग बंद करण्याची फाइल प्रशासकाकडे असेल आणि ती प्रत्येक संगणकावर वेगळी ठेवता येईल.

रिझोल्यूशन बदलल्यावर जुना वेग तसाच ओढत न नेता नव्या रिझोल्यूशनला शक्य असलेला सर्वांत मोठा वेग लागेल, आणि तो आधीपेक्षा कमी होत असेल तर लागू करण्यापूर्वीच 'या रिझोल्यूशनला कमाल ३० हर्ट्झ मिळतील' असे दिसेल. शब्दवेलताईंच्या वाचनालयात ही एक ओळ असती तर नव्या संगणकाचा प्रस्ताव गेला नसता. सांकव यांचे जोडणीविषयीचे वाक्य जवळजवळ त्यांच्याच शब्दांत घेतो आहे. फक्त ईडीआयडीत आहे आणि ड्रायव्हरने गाळले आहे अशी खात्री असेल तेव्हाच ते दिसेल, अंदाजाने नाही. परत जाण्याची मुदत २० सेकंद ठेवली आहे.

एक गोष्ट अजून अनिर्णित आहे. काही टीव्ही ५९.९४ आणि ६० असे दोन्ही वेग कळवतात. सामान्य वाचकासाठी दोन्ही '६०' म्हणून एकच ओळ दाखवावी असे आमच्यातील दोघांना वाटते.

मांडवीकाठ
दिगंत, कृपया असे करू नका. ५९.९४ म्हणजे ६० भागिले १.००१, अमेरिकी दूरचित्रवाणीत रंग आले तेव्हापासूनचा हा आकडा आहे. दोघांत सेकंदाला ०.०६ चा फरक आहे, म्हणजे ५९.९४ साठी बनवलेले चित्रण ६० वर लावले तर साधारण दर १७ सेकंदांनी एक चित्र दुसऱ्यांदा दाखवावे लागते. लांब, संथ दृश्यात तो हिसका दिसतो.

विंडोज ७ मध्ये ५९ आणि ६० असे पूर्णांक दाखवत, आणि काही टीव्हींवर माणसाने ६० निवडले तरी सेटिंग ५९ वर परत जात असे. ते मुद्दाम तसे केलेले होते, पण पाहणाऱ्याला ते बिघाडासारखे वाटे, कारण पडद्यावरचा आकडा खरा नव्हता. दोन दशांश स्थळे दाखवल्याने शाळेतल्या मुलाचे काही बिघडत नाही. आणि यादीत १०८०-आय प्रकारचे, म्हणजे एकाआड एक ओळी पाठवणारे वेग आले तर त्यांच्यापुढे तसे स्पष्ट लिहा, नाहीतर ५० हा आकडा दोनदा दिसेल आणि त्यातला एक निवडल्यावर बारीक अक्षरे थरथरतील.

सांकव
मांडवीकाठ यांना अनुमोदन. साठवतानाही पूर्ण आकडा साठवा आणि तो त्या मॉनिटरच्या नावाशी बांधा, केवळ जोडणीच्या जागेशी नको. शाळेत केबली सारख्या इकडून तिकडे होतात. लॉगिनचा पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्यामुळे सेटिंग सगळ्या यंत्रासाठी साठवली नाही तर लॉगिन एका वेगावर आणि काम दुसऱ्या वेगावर होते, आणि प्रत्येक लॉगिनला पडदा क्षणभर काळा पडतो.

दिगंत
दोन्ही सूचना स्वीकारल्या. दशांशासह स्वतंत्र ओळी राहतील, आणि एकाआड एक ओळींचे वेग यादीच्या शेवटी, तसे लिहून येतील. लॉगिनच्या पडद्याचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नसता. चाचणीची आवृत्ती तयार झाली की दुवा याच धाग्यावर देतो. केतकीताई, आपल्या सभागृहातला प्रोजेक्टर आणि त्याची लांब केबल यांवर पहिली चाचणी करता येईल का?

केतकी ना.
जरूर. सहामाही परीक्षा संपल्यावर सभागृह रिकामे असते, त्या आठवड्यात या. मूळच्या केबलशेजारी एक कमी लांबीची केबलही काढून ठेवते, म्हणजे दोष कोणाचा आहे हे त्याच वेळी ताडून पाहता येईल.